आकडा आधी, नाव मागून : मराठी यादीच्या रकान्यांची गोष्ट

स्मरणिका हाती पडली की घराघरांत पहिले पान कोणते उघडले जाते, हे स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. अध्यक्षांचे मनोगत मागून, लेख त्याहून मागून; आधी वर्गणीदारांची यादी. आपले नाव आले आहे ना, नीट छापले आहे ना, नावासमोरचा आकडा बरोबर आहे ना, एवढे पाहून झाले की मग बाकीची पाने. यात हसण्यासारखे काही नाही. यादीत एक नाव असते, एक आकडा असतो आणि त्या दोघांना जोडणारी, डोळ्यांना न दिसणारी एक सरळ ओळ असते. ती ओळ जरा वाकली की एकाचे पाचशे एक दुसऱ्याच्या नावावर वाचले जातात.

आम्हा कॅम्पातल्या मराठी घरांना या यादीचे मोल थोडे अधिक वाटते, त्याला कारण आहे. आमच्याकडे बहुतेक सरकारी कागद कानडीत किंवा इंग्रजीत येतात. आपले आडनाव मराठीत, आपल्या वळणाने छापलेले दिसावे, अशा याद्या आता थोड्याच उरल्या आहेत. लग्नपत्रिका, शाळेच्या जुन्या दाखल्यांची पाने आणि गणपतीच्या वर्गणीची यादी, इतक्याच.

अलीकडे ही यादी संगणकावर होते. मंडळातली मुले पावती पुस्तकातल्या नोंदी एका फाइलीत भरतात आणि पायथनसारख्या भाषेतला दहा-वीस ओळींचा छोटा प्रोग्राम चालवतात. त्याला ती 'स्क्रिप्ट' म्हणतात. स्क्रिप्ट प्रत्येक नावापुढे लागतील तेवढ्या कोऱ्या जागा भरते आणि सगळे आकडे एकाखाली एक आणते. रेघा नाहीत, चौकटी नाहीत, नुसती अक्षरे आणि मोकळ्या जागा. असा साधा तक्ता व्हॉट्सॲपवर जातो, छापखान्यात जातो, मंडपाच्या फलकावरही लागतो. नावे इंग्रजीत असतील तर तो चांगला सरळ येतो. नावे मराठीत घातली की रकाना नदीच्या काठासारखा आत-बाहेर होतो. मग कोणीतरी सहज सुचवते, 'नावे इंग्रजीतच टाकू या, टेबल बिघडत नाही.'

सूचना कामाची वाटते, पण ती महागात पडणारी आहे. इंग्रजीत 'ळ' नाही. काळे आणि काले, गोळे आणि गोले तिथे एकाच स्पेलिंगात बसतात. रकाना सरळ झाला, पण घर कोणते ते कळेनासे झाले. यादी जिच्यासाठी करायची तीच गोष्ट त्यात हरवते. म्हणून नावे इंग्रजीत नेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. संगणक नव्हता तेव्हा मराठी माणूस आपले रकाने सरळ कसे ठेवत होता? त्याचा मागोवा घेतला तर आजच्या स्क्रिप्टलाही उपयोगी पडेल असे उत्तर सापडते.

हजेरीपट आणि कारकुनाचा बोरू

आमचा कॅम्प जन्मला तोच मुळी याद्यांत. १८१८ साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे १८३० च्या दशकात इथे छावणी उभी राहिली. पलटण म्हटली की रोजची हजेरी आली, धान्याचे वाटप आले, पगार आला, आणि या प्रत्येकाचा तक्ता आला. कामावरच्या हजेरीला आपण आजही 'मस्टर' म्हणतो, तो शब्द अशा फौजी याद्यांतूनच आपल्या बोलण्यात रुळला.

याद्यांची विद्या मात्र इंग्रजांनी आपल्याला शिकवली असे नाही. मराठी दफ्तरांत कीर्द होती, खतावणी होती, हजेरीपट होते, जमाखर्चाचे ताळेबंद होते, आणि ते सारे मोडीत लिहिले जात होते. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर डावीकडून उजवीकडे आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्या रेघांना अक्षरे टांगत जाई. म्हणजे ओळ आधी, अक्षर मागून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, बोरू शक्य तितका न उचलता लिहीत, त्यामुळे अक्षरांची रुंदी हाताच्या वेगाप्रमाणे बदले. अशा लिपीत नावापुढे नेमकी जागा मोजून आकडा लिहायचा, तर प्रत्येक ओळीत कसरत झाली असती.

कारकुनांनी ती कसरत टाळली. जुन्या यादीत संख्या आधी येते आणि वस्तू किंवा माणूस मागून. '१ पागोटे', '२ शेले', असा क्रम. आकडा डावीकडे, एका सरळीत. त्याच्या उजवीकडे नाव, मग ते कितीही लांबू दे. नावाच्या पुढे काही जुळवायचेच नसल्यामुळे नावाची लांबी कोणाला त्रास देत नाही. आमच्या भागातल्या कित्येक जुन्या घरांत आजही मोडी कागदांची बोचकी आहेत. ज्यांना मोडी वाचता येत नाही त्यांनीही एखादा जमाखर्चाचा कागद उघडून पाहावा. मजकूर कळणार नाही, पण आकड्यांची उभी रांग लगेच ओळखू येईल.

रुपयाचे अपूर्णांकही त्या रांगेत बसवलेले असत. पावासाठी एक उभा दंड, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन. सव्वा, दीड आणि पावणेदोन लिहिताना पूर्णांकाच्या शेजारी एक, दोन वा तीन दंड दिले की झाले. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, अशा मोजणीमुळे पुढच्या काळातल्या छापील हिशेबाच्या वह्यांत रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने असत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि तीन रकान्यांचे दोन झाले. घरात त्या सुमाराची वही असेल तर तो बदल पानावर दिसतो. नाणे बदलले की तक्त्याचा सांगाडाही बदलतो.

पंचांग आणि खिळे

मराठी घरात सगळ्यांत जास्त पाहिलेला तक्ता कोणता, असे विचारले तर उत्तर पंचांग हेच येईल. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे, त्यांच्या घटी-पळांसह, दिवसाला एक ओळ याप्रमाणे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठीतले पहिले छापील पंचांग काढले, ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्ये मजकूर हाताने लिहून दगडावर उतरवतात, त्यामुळे रकाने सरळ ठेवण्याचे काम तेव्हाही लेखनिकाच्या हातातच राहिले.

पंचांगकर्त्यांनी त्यात एक युक्ती केली. वार पूर्ण न लिहिता त्यांनी त्याचे पहिले अक्षर घेतले : र, सो, मं, बु, गु, शु, श. एका चौकटीत एक अक्षर. 'सो'ला काना आणि मात्रा आहे, 'मं'वर अनुस्वार आहे, 'शु'ला उकार आहे, तरी प्रत्येक जण एकच अक्षर आहे. मराठी माणूस अक्षर असे मोजतो. वर, खाली वा शेजारी काय लागले आहे ते तो वेगळे मोजत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळा घोळ इथेच झाला.

शिसाचे खिळे आले तेव्हा अक्षराला प्रथमच मोजता येण्याजोगी जाडी मिळाली. जावजी दादाजींचे निर्णयसागर, टिळकांचा केसरी, आणि आमच्याकडे बेळगावात रामतत्त्वप्रकाशसारखे छापखाने आणि १९१९ पासूनचे तरुण भारत, या सर्वांच्या मागे उभा होता तो खिळे जुळवणारा कंपोझिटर. इंग्रजीचे काम शंभराच्या आसपास खिळ्यांत भागे. देवनागरीला जोडाक्षरे आणि मात्रा धरून कित्येक शे खिळे लागत. टिळकांनी केसरीसाठी ही संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, तो याच अडचणीतून. सार्वजनिक गणेशोत्सव उभा करणाऱ्या माणसाने खिळ्यांची जाडीही मोजली, हे आम्हाला मुद्दाम आठवून द्यावेसे वाटते.

कंपोझिटरला तक्ता जुळवणे जड जाई, पण अशक्य नव्हते. त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक, आकड्यांचे खिळे बहुधा सारख्या जाडीचे ओतलेले असत, त्यामुळे एकक, दहक आणि शतक आपोआप एकाखाली एक येत. दुसरी, कोऱ्या जागेचेही खिळे असत, आणि त्यांत आकड्याएवढ्या जाडीचा कोरा खिळाही असे. हजाराच्या रकान्यात शेकड्यातली रक्कम आली की डावीकडे तो एक कोरा खिळा घातला, की रांग बिघडत नसे. नाव लांब असो वा आखूड, त्याच्यापुढची उरलेली जागा तो खिळ्यांनी भरून काढी आणि बोटाने दाबून पाही. जुळणी सैल असेल तर खिळे हलत आणि फर्मा उचलताच गळून पडत. रकाना नीट आहे की नाही, हे त्याला डोळ्यांइतकेच हाताला कळे.

टाइपरायटरचा शहाणपणा

यानंतर कचेऱ्यांत मराठी टाइपरायटर आले. परदेशी बनावटीची यंत्रे आधीपासून होती. १९५५ साली गोदरेजने देशी टाइपरायटर बाजारात आणला. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी टायपिंगच्या क्लासात बोटे बडवली आहेत. परीक्षेत उताऱ्याबरोबर 'स्टेटमेंट' असे, म्हणजे आकड्यांचा तक्ता. भल्याभल्यांचे मार्क तिथे जात.

टाइपरायटरचा साधा नियम असा की कळ दाबली की कॅरेज एक घर सरकते. अक्षर बारीक असो की रुंद, घर एकच. इंग्रजीसाठी हे पुरेसे आहे. मराठी यंत्र करणाऱ्यांना मात्र विचार करावा लागला. मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी बसतो, अनुस्वार वर बसतो; त्यांना वेगळे घर देता येत नाही. म्हणून त्या कळा अशा केल्या की दाबल्यावर ठसा उमटतो, पण कॅरेज जागची हलत नाही. काना आणि दीर्घ वेलांटी यांना उभा दंड आहे, ती चिन्हे जागा अडवतात, म्हणून त्यांना घर दिले.

मराठी अक्षर किती जागा घेते, याचा एक पक्का नियम अशा रीतीने लोखंडात बसवला गेला. टायपिस्टला व्याकरण सांगता येत नसेल, पण कोणत्या कळेने गाडी सरकते आणि कोणत्या कळेने नाही, हे त्याच्या बोटांना पाठ होते. शिवाय यंत्राला टॅब्युलेटर होता. रकाना जिथे सुरू व्हायचा तिथे खूण लावून ठेवायची. मग नाव चार घरांचे असो की बाराचे, एक कळ दाबली की कॅरेज धावत त्या खुणेपाशी जाऊन थांबे. आज संगणकाच्या कळफलकावर जी 'टॅब' कळ आहे ती हीच. तिचे नाव तक्त्यावरूनच पडले आहे.

शिरगणतीचे रकाने

तक्ते करणारी यंत्रे संगणकाच्याही आधी आली, आणि ती आली शिरगणतीसाठी. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेली कार्डे मोजून तक्ते तयार केले. त्याची कंपनी पुढे आयबीएम झाली. १९२८ साली त्या कंपनीने ऐंशी उभ्या रांगांचे कार्ड काढले. एका रांगेत एक खूण. पुढे संगणकाचा पडदा आला, तोही ऐंशी घरांचा. एक खूण म्हणजे एक घर, ही समजूत तिथे मुरली.

शिरगणतीचा तक्ता ही आम्हा सीमाभागातल्या माणसांना परकी गोष्ट नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि त्यानंतरचा सगळा वाद जनगणनेच्या रकान्यांवर लढला गेला. खेडे हा घटक धरा, गावागावातल्या मातृभाषेचे आकडे पाहा, सलगता पाहा, लोकेच्छा पाहा, अशी महाराष्ट्राची मागणी होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला, ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याने निपाणी, खानापूर आणि नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे असे म्हटले. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही. २००४ पासून हा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

त्या वादात इथे शिरायचे नाही. सांगायचे इतकेच की कोणत्या रकान्यात आपण मोजलो गेलो, यावर आमच्या गावांचे भवितव्य टांगलेले राहिले. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी तक्त्यांत आमच्या शहराचे नावही बदलले. यादीत नाव कसे लिहिले जाते, ही बाब क्षुल्लक आहे असे आम्हाला कोणी सांगू नये.

संगणकाला 'श्री' किती अक्षरांचा वाटतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संगणकाची अक्षरमोजणी ज्या संकेतावर उभी राहिली तो १९६३ चा आस्की संकेत. त्यात १२८ जागा होत्या आणि त्या रोमन लिपीसाठी होत्या. त्या लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे एक घर. तिन्ही गोष्टी एकच असल्यामुळे त्यांत फरक करण्याची गरजच कोणाला पडली नाही.

भारतीय लिप्यांसाठी मोठे काम आपल्या पुण्यात झाले. १९८८ साली सी-डॅक ही संस्था सुरू झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्टचे काम तिथे पुढे गेले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की डॉसच्या त्या ऐंशी घरांच्या पडद्यावर मराठी दिसू लागे. १९९१ साली भारतीय लिप्यांचा 'इस्की' संकेत मानक झाला. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतली. मधल्या काळात निरनिराळ्या फाँटांनी रोमनच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवून काम भागवले. एका यंत्रावरची यादी दुसऱ्यावर उघडली की नुसती इंग्रजी चिन्हे दिसत, हे ज्यांनी त्या काळी स्मरणिका काढल्या त्यांना आठवत असेल. युनिकोडने ती अडचण सोडवली. आज कोणत्याही फोनवर मराठी नाव मराठीतच दिसते.

पण युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूणसुद्धा वेगळी नोंदलेली असते. वहीच्या पहिल्या पानावर आपण 'श्री' लिहितो. आपल्या लेखी ते एक अक्षर. संगणकाच्या लेखी चार चिन्हे : श, पाय मोडल्याची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. स्क्रिप्टला नावाची लांबी विचारली की ती अशी चिन्हे मोजून सांगते.

चार आडनावे घेऊन पाहू. 'कदम' तीन अक्षरांचे आणि संगणकाच्या लेखीही तीन चिन्हांचे. 'काळे' दोन अक्षरांचे, पण संगणकाला ते चार चिन्हांचे दिसते, म्हणजे कदमांहून लांब. 'कुलकर्णी' चार अक्षरांचे आणि 'श्रीखंडे' तीन अक्षरांचे, पण संगणकाला दोघेही आठ-आठ चिन्हांचे. आता स्क्रिप्टला सांगा की प्रत्येक नाव कोऱ्या जागा घालून दहा घरांचे कर. कदमांना सात कोऱ्या जागा मिळतात, काळ्यांना सहा, कुलकर्णी आणि श्रीखंडे यांना दोन-दोन. कागदावर अक्षरे आणि जागा मोजल्या तर कदमांचा आकडा दहा घरांनंतर येतो, काळ्यांचा आठ, कुलकर्ण्यांचा सहा आणि श्रीखंड्यांचा पाच. रकाना का वाकतो ते यात आले. ज्यांच्या नावात जोडाक्षर आणि मात्रा जास्त, त्यांचा आकडा डावीकडे ओढला जातो. मोजणाऱ्याने गणित बरोबर केले, पण मोजले ते भलतेच.

यावर उपाय आहेत, आणि ते टाइपरायटरच्या नियमांशी जुळतात हे पाहून आम्हाला गंमत वाटली. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाची जात नोंदलेली असते. मात्रा, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही जागा न अडवणारी चिन्हे. काना आणि वेलांट्या ही जागा अडवणारी. स्क्रिप्टला ती जात विचारून पहिल्या जातीची चिन्हे मोजायची नाहीत, असे सांगता येते. हा झाला कॅरेज न सरकवणाऱ्या कळेचा नियम. दुसरा उपाय चिन्हांऐवजी अख्खी अक्षरे मोजण्याचा. त्याचेही नियम युनिकोडने घालून दिले आहेत, पण बरीच वर्षे त्यांत 'क्ष' हे जोडाक्षर दोन तुकड्यांत मोडत असे. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम आला. पंचांगकर्त्यांनी जे एक अक्षर मानले ते जगाच्या संकेतात एक मानले जायला इतकी वर्षे गेली.

एवढे करूनही रकाना पुरता सरळ होत नाही. आता उरते ती फाँटची गोष्ट. 'र' बारीक, 'क्ष' रुंद, 'ण'ला दोन दंड. बहुतेक मराठी फाँटांत प्रत्येक अक्षराची रुंदी निराळी असते. इंग्रजीत सगळी अक्षरे समान रुंदीची असणारे फाँट सहज मिळतात. व्हॉट्सॲपवरही मजकूर त्या वळणात दाखवण्याची सोय आहे. पण त्यात मराठी घातले की फोन मराठीपुरता आपला नेहमीचा फाँट वापरतो आणि घरे पुन्हा लहानमोठी होतात. घरे मोजून कितीही नेमका हिशेब केला तरी घरच समान नसेल तर तो हिशेब कागदावर उतरत नाही.

कारकुनाचे उत्तर

इथे मोडी कारकून पुन्हा कामाला येतो. त्याच्याही लिपीत अक्षरांची रुंदी समान नव्हती. नावाची लांबी मोजण्याच्या फंदात न पडता त्याने नावच शेवटी नेले. आपल्या स्क्रिप्टलाही तेच सांगावे : आकडा आधी, नाव मागून.

१००१  श्रीखंडे
१००१  कदम
 ५०१  कुलकर्णी
 ५०१  काळे

आकड्यांत मात्रा नाहीत, जोडाक्षरे नाहीत, आणि बहुतेक फाँटांत सगळे आकडे सारख्याच रुंदीचे असतात. तीन आकडी रकमेच्या डावीकडे जी जागा सोडायची, तिच्यासाठी साधी कोरी जागा पुरत नाही, कारण ती बहुधा आकड्यापेक्षा अरुंद असते. त्यासाठी युनिकोडमध्ये आकड्याएवढ्या रुंदीची एक वेगळी कोरी जागा नोंदलेली आहे. कंपोझिटरच्या केसमधला तो कोरा खिळा संकेतात अजून जिवंत आहे. स्क्रिप्टने तेवढी एक जागा घातली की रकाना कोणत्याही फोनवर जवळपास सरळ राहतो. नावाच्या उजवीकडे काहीच नसल्यामुळे नाव मोकळे. त्यात ळ येऊ दे, क्ष येऊ दे, रफार येऊ दे.

याहूनही सोपी रीत जुन्या मंडळांची. 'प्रत्येकी रु. ५०१' असे वर एकदाच लिहायचे आणि खाली नुसती नावे. त्यात जुळवण्यासारखे काही उरतच नाही. अनेक मंडळांच्या स्मरणिकांत ही पद्धत आपण पाहत आलो आहोत. यादी फार लांब असेल, तिच्यात पावती क्रमांक, गल्ली आणि रक्कम असे अनेक रकाने असतील, तर मात्र साध्या अक्षरांच्या तक्त्याचा हट्ट धरू नये. स्क्रिप्टने रकान्यांमध्ये टॅब घालून द्यावा आणि सरळ रांगा लावण्याचे काम तक्त्याच्या किंवा छपाईच्या सॉफ्टवेअरवर सोडावे. टॅब्युलेटर त्यासाठीच तर होता. क्रमांक, रक्कम, गल्ली आणि शेवटी नाव, हा क्रम तिथेही सोयीचा.

मुलांना आमचे सांगणे एवढेच आहे. तुम्ही लिहिलेली स्क्रिप्ट ही कीर्द-खतावणीच्या परंपरेतलीच पुढची वही आहे. ती बिघडली तर नाव बदलू नका, वही दुरुस्त करा. रकाना माणसासाठी आखलेला असतो. माणसाचे नाव रकान्यात मावत नाही म्हणून ते कापायचे किंवा दुसऱ्या लिपीत ढकलायचे नसते. कारकुनाने, पंचांगकर्त्याने, कंपोझिटरने आणि टायपिस्टने आपापल्या साधनाला मराठी अक्षर शिकवले. संगणकाला ते शिकवण्याची पाळी आता तुमची आहे, आणि त्याला लागतात त्या पाच-सात ओळी.

गणपती हा लेखनाचा देव. महाभारत लिहिताना त्याने व्यासांना अट घातली, ती न थांबता सांगण्याची. व्यासांनी उलट अट घातली, ती समजल्याशिवाय न लिहिण्याची. यादी करणाऱ्याने ही दुसरी अट पाळावी. काय मोजतो आहोत ते समजून घ्यावे आणि मगच ओळ आखावी. यंदाच्या स्मरणिकेतली वर्गणीची यादी पुढच्या पानांवर आहे. आकडा डावीकडे, नाव उजवीकडे, सगळी नावे मराठीत. आपले नाव शोधावे, नीट पाहावे, आणि शेजाऱ्याचेही पाहावे.

गणपती बाप्पा मोरया!